कोलेस्टेरॉल आणि यकृत: लॅबच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सकाळी सात ते दहा या वेळात आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला येणाऱ्यांत लिपिड प्रोफाइलवाले, म्हणजे रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी तपासायला आलेले, सगळ्यांत जास्त. कुणी तळजाईवरून फिरून थेट आलेलं असतं, कुणी ऑफिस गाठायच्या आधी घाईघाईने. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला आले की ठळक अक्षरात छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून प्रश्न सुरू होतात. मी बायोकेमिस्ट आहे, पुण्यात पेठेतच बावीस वर्षं हे काम करते आहे. प्रश्न जवळजवळ सगळे ताटाबद्दलचे असतात: तेल कुठलं, तूप किती, अंडं चालेल का. यकृताबद्दल क्वचितच कुणी विचारतं. खरं तर रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा बहुतेक कारभार यकृताच्या हातात आहे, आणि ते एकदा लक्षात आलं की रिपोर्ट वेगळाच दिसायला लागतो. काउंटरवर दोन मिनिटांत सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिलं आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

मी शाकाहारी आहे, अंडंसुद्धा खात नाही. मग एलडीएल १६८ आलं कुठून?

तुमच्याच शरीरातून. एलडीएल म्हणजे लोक ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते. वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या पोटात ते जातं फक्त दूध, दही, लोणी, तूप यांतून, आणि तेही थोडं. पण प्रत्येक पेशीचं आवरण बांधायला कोलेस्टेरॉल लागतं. कॉर्टिसोल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन अशी हार्मोन्स त्यापासून बनतात, पित्तातली आम्लंही. इतक्या गरजेच्या वस्तूसाठी शरीर जेवणावर विसंबून राहत नाही, स्वतःच बनवतं. आहारातून जास्त आलं तर यकृत आपलं उत्पादन कमी करतं, कमी आलं तर वाढवतं.

रक्तातला आकडा समजावताना मी नेहमी गुलटेकडीच्या मार्केट यार्डाचं उदाहरण देते. संध्याकाळी गाळ्यावर कांदा पडून राहिला तर कारणं दोनच: आवक जास्त झाली, नाहीतर मालाला उठाव नव्हता. कोलेस्टेरॉलच्या या बाजारात यकृत दोन्हीकडे आहे. माल पाठवणारं तेच, आणि उरलेला माल उचलणारंही मुख्यतः तेच. १६८ हा गाळ्यावर पडून राहिलेला माल. एलडीएल वाढलेल्या पुष्कळ लोकांमध्ये खरा प्रश्न उठावाचा असतो.

लायपोप्रोटीन म्हणजे काय? ते आणि कोलेस्टेरॉल एकच का?

नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, तशी चरबी आणि कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाहीत. म्हणून शरीर त्यांचे बारीक कण बनवतं: आत चरबी आणि कोलेस्टेरॉल, बाहेरून प्रथिनाचं वेष्टण. असा कण म्हणजे लायपोप्रोटीन. कोलेस्टेरॉल हा त्यातला माल.

यकृत रक्तात सोडतं तो कण व्हीएलडीएल. तो ट्रायग्लिसराइड या चरबीने भरलेला असतो. स्नायू आणि चरबीच्या ऊतींमधल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर एक एन्झाइम असतं, ते या कणातली चरबी काढून घेतं. कण लहान होत जातो. काही कण अर्ध्या वाटेवरूनच यकृतात परततात. बाकीच्यांमधली चरबी संपत येते, कोलेस्टेरॉल तेवढं मागे राहतं, आणि जो उरतो तो एलडीएल. म्हणजे एलडीएल वेगळं कुठून येत नाही, यकृताने पाठवलेल्या कणाचाच तो शेवट आहे. तो साधारण दोन-तीन दिवस रक्तात फिरतो. लवकर उचलला गेला तर ठीक. जितका जास्त रेंगाळेल तितकी धमनीच्या भिंतीत शिरून तिथे अडकण्याची शक्यता वाढते, आणि हृदयविकाराची सुरुवात तिथूनच होते.

रिपोर्टवर ‘सीरम दुधाळ’ असा शेरा आहे. ही काय भानगड?

रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, पारदर्शक सीरम राहतं. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं असलं की तेच सीरम पाणी घातलेल्या दुधासारखं दिसतं, नळीमागे धरलेलं बोट दिसत नाही.

अशी नळी मी रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवून देते. ही जुनी, साधी पद्धत आहे, आता सहसा कुणी करत नाही, पण मला ती आवडते. सकाळी वर सायीसारखा थर जमलेला असेल, तर ते आतड्यातून आलेले मोठे कण, म्हणजे जेवणातली चरबी. साय नसेल आणि सगळी नळी एकसारखी गढूळ असेल, तर ती चरबी यकृताने पाठवलेली, व्हीएलडीएलमधली. मागच्या वर्षी एका गृहस्थांची नळी अशीच गढूळ निघाली. ते शपथेवर सांगत होते की बारा तास पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, आणि ते अगदी खरं होतं. सायीचा मागमूस नव्हता. रात्री ते उपाशी झोपले होते, यकृत मात्र चरबी भरभरून बाहेर पाठवत होतं.

यकृत एलडीएल परत उचलतं ते कसं?

यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. एलडीएलच्या प्रत्येक कणावर अ‍ॅपो-बी या प्रथिनाचा एक आणि एकच रेणू गुंडाळलेला असतो. रिसेप्टर तो ओळखतो, कण पकडतो आणि त्याच्यासकट पेशीच्या आत जातो. आत कण फुटतो, कोलेस्टेरॉल मोकळं होतं, आणि रिसेप्टर पुढचा कण आणायला परत पृष्ठभागावर येतो. ही एक खेप साधारण दहा मिनिटांची. शरीरातल्या एलडीएलपैकी जवळपास ७० टक्के असं यकृतातच उचललं जातं.

हा शोध अमेरिकेतल्या डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांचा. त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. ते अभ्यास करत होते जन्मापासूनच कोलेस्टेरॉल प्रचंड असलेल्या मुलांचा. अशा मुलांच्या पेशींवर काम करणारे रिसेप्टर जवळजवळ नसतात, आणि काहींना दहा वर्षांच्या आतच हृदयविकाराचा झटका येतो.

पण हे यकृतच करतं, हे ठरवलं कसं? रिसेप्टर तर इतर पेशींवरही असतील.

असतात. याचं उत्तर एका शस्त्रक्रियेतून मिळालं, आणि ते वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते, अजून विसरलेले नाही. १९८४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सहा वर्षांच्या एका मुलीवर हृदय आणि यकृत अशी दोन्ही प्रत्यारोपणं एकाच वेळी झाली. तिला हाच आजार होता, कोलेस्टेरॉल हजाराच्या पुढे. हृदय बदललं ते झिजलं होतं म्हणून. यकृत तिचं स्वतःचं तसं निरोगी दिसणारं होतं, ते बदललं फक्त रिसेप्टरसाठी. नव्या यकृतासोबत काम करणारे रिसेप्टर आले आणि कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. बाकी सगळं शरीर तेच होतं, त्यातल्या पेशी त्याच सदोष रिसेप्टरच्या. बदललं होतं ते यकृत.

यकृताला कसं कळतं की किती उचलायचं?

पेशीच्या आत कोलेस्टेरॉलचा साठा मोजणारी एक यंत्रणा आहे. साठा कमी झाला की एसआरईबीपी-२ हे प्रथिन पेशीकेंद्रात जाऊन दोन हुकूम सोडतं: घरी कोलेस्टेरॉल बनवा, आणि दारात रिसेप्टर वाढवा म्हणजे बाहेरूनही आणता येईल. साठा भरला की दोन्ही हुकूम मागे.

म्हणजे यकृताची पेशी आतून तृप्त असेल तर रक्तात कितीही एलडीएल साचलं तरी ती हलत नाही. तिला रक्तातल्या आकड्याची फिकीर नाही, स्वतःच्या साठ्याची आहे. एलडीएल कमी करणारे बहुतेक उपाय, गोळी असो की इसबगोल, याच जागी काम करतात: पेशीच्या आतला साठा कमी करायचा, म्हणजे ती दारात रिसेप्टर वाढवते.

स्टॅटिनची गोळी नेमकं काय करते?

पेशीत कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या साखळीतलं एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम ती अडवते. घरचं उत्पादन घटतं, साठा कमी होतो, रिसेप्टर वाढतात, रक्तातलं एलडीएल उचललं जातं. लोक म्हणतात ‘गोळी रक्त पातळ करते’. तसं नाही, ते काम अ‍ॅस्पिरिनसारख्या दुसऱ्या गोळीचं. स्टॅटिनचं काम यकृतात चालतं.

हे औषध सापडलं बुरशीत. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सहा हजारांवर बुरश्या आणि तत्सम सूक्ष्मजीव तपासले. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हा पदार्थ मिळाला. बुरशीकुळातलंच पहिलं औषध, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ साली बाजारात आलं. आज जगभरातल्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात.

डोस दुप्पट केला, पण एलडीएल जेमतेम थोडंच उतरलं. गोळी लागू पडत नाही का?

लागू पडते आहे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरतं, हे ठरलेलं आहे. यामागे यकृताचीच एक खोड आहे. रिसेप्टर वाढवण्याचा हुकूम सुटतो तेव्हा सोबत पीसीएसके-९ हे प्रथिनही जास्त बनतं. ते रिसेप्टरला चिकटतं आणि त्याला परत पृष्ठभागावर येऊ देत नाही, पेशीच्या आतच तो मोडला जातो. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने थोडं काढून घ्यावं, तसं. म्हणून डॉक्टर कित्येकदा डोस वाढवण्याऐवजी इझेटिमाइब जोडतात. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवतं आणि त्यामुळे यकृताकडे येणारा साठा घटतो.

ती महागडी इंजेक्शनं याचीच का?

हो. पीसीएसके-९ चा पत्ता २००३ साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून लागला. त्या कुटुंबांमध्ये ते गरजेपेक्षा जास्त काम करत होतं. मग डॅलसच्याच एका गटाने उलटी बाजू शोधली: ज्यांच्यात ते जन्मतः निकामी आहे अशी माणसं. २००६ साली त्यांनी दाखवलं की अशा कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांचं एलडीएल २८ टक्के कमी होतं, आणि पंधरा वर्षांत त्यांना हृदयविकार झाला तो इतरांपेक्षा ८८ टक्के कमी. २८ टक्के घट स्टॅटिनच्या लहान डोसनेही मिळते, पण यांना ती जन्मापासून मिळाली होती. एलडीएल किती आहे याइतकंच ते किती वर्षं तसं आहे हेही महत्त्वाचं, असं मी म्हणते ते याच आकड्यांवरून.

दर दोन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं २०१५ पासून आहेत, ती रक्तातलं पीसीएसके-९ पकडतात. त्यानंतर आलेलं इन्क्लिसिरान थेट यकृताच्या पेशीत शिरून ते बनणंच थांबवतं. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग दर सहा महिन्यांनी एक.

स्टॅटिनने लिव्हर खराब होतं म्हणे?

हा प्रश्न रोज येतो. गोळी यकृतात काम करते, त्यामुळे सुरुवातीला एएलटी, म्हणजे एसजीपीटी, हे रक्तात मोजलं जाणारं यकृताचं एन्झाइम थोडं वर जाऊ शकतं. बहुतेकांचं ते आपोआप खाली येतं. नॉर्मल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आणि टिकून राहणारी वाढ शंभरातल्या एखाद्यात किंवा त्याहूनही कमी जणांत दिसते. खरी गंभीर इजा फार विरळ. फॅटी लिव्हर असलेल्यांनी तर स्टॅटिन टाळायचं काहीच कारण नाही. त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, म्हणजे गरजही जास्त. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, स्नायू खूप दुखणं असं काही झालं तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर स्टॅटिनने किंचित वाढू शकते, त्यांनी ती तपासत राहावं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स काही स्टॅटिन्ससोबत चालत नाहीत. म्हणून नव्या डॉक्टरांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं आठवणीने सांगा.

रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू?

नका करू.

माझ्या दादाची छप्पन्नाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. गोळीवर त्याचं एलडीएल ६२ आलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘स्टॅटिनचं षड्यंत्र’ असं काहीतरी पाठवलं, आणि आकडा तर चांगला आहे म्हणून त्याने गोळी परस्पर थांबवली. मला सांगितलंही नाही. तीन महिन्यांनी त्याचं रक्त मी माझ्याच मशीनवर लावलं तेव्हा १५१ दिसलं. नळी बदलली असेल म्हणून मी ते पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ६२ हा आकडा त्याच्या यकृताचा नव्हता, यकृत आणि गोळी या दोघांचा मिळून होता. गोळी गेली की एन्झाइम पुन्हा पूर्ण चालू, साठा भरतो, रिसेप्टर कमी होतात. हे काही आठवड्यांतच घडतं आणि माणसाला काहीही जाणवत नाही. मला राग आला होता तो त्याचा नाही, त्या मेसेजचा. पाठवणाऱ्याला दादाच्या स्टेंटची माहितीसुद्धा नव्हती.

गोळी रात्रीच घ्यायची का?

सिमव्हास्टॅटिनसारखी थोड्या तासांचा अंमल असलेली गोळी रात्री, कारण यकृतात कोलेस्टेरॉल रात्री जास्त बनतं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसभर टिकतात, कधीही घ्या, पण वेळ रोजची एकच ठेवा.

मी बारीक आहे, तरी सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १. याचा हृदयाशी काय संबंध?

बराच आहे, आणि या विषयावरचं मोलाचं काम आपल्या पुण्यातलंच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर मातांचा अभ्यास १९९३ साली सुरू केला आणि दाखवलं की आपली बाळं जन्मतः वजनाने कमी असली तरी त्यांच्यात चरबीचं प्रमाण जास्त असतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्यावर बारीक दिसणारा आपला माणूस आतून कसा असू शकतो, हे त्या एका फोटोने सांगितलं.

ही चरबी पोटात, यकृताभोवती आणि यकृतात साठते. इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला की चरबीच्या पेशींमधून फॅटी अ‍ॅसिड्स यकृताकडे येतच राहतात. वरून जास्तीच्या साखर-स्टार्चपासूनही यकृत चरबी बनवतं. एवढी चरबी सांभाळता येत नाही म्हणून ते ती व्हीएलडीएलमध्ये भरून बाहेर धाडतं. मग ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल (ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) खाली, आणि एलडीएलचे कण बारीक पण संख्येने जास्त. आपल्याकडच्या रिपोर्टांमध्ये हे त्रिकूट मी सतत बघते. यात एलडीएलचा छापील आकडा कित्येकदा फारसा वाईट दिसत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो. अशांनी नॉन-एचडीएल बघावं: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल. त्यासाठी वेगळी तपासणीही लागत नाही. परवडत असेल तर अ‍ॅपो-बी करून घ्या. प्रत्येक कणावर तो एकच असल्यामुळे ती तपासणी म्हणजे सरळ कणांची मोजदाद आहे.

मग खायचं काय? ट्रायग्लिसराइड जास्त म्हणून मी तेल-तूप सोडलं, तरी आकडा हलत नाही.

कारण यकृताची ती चरबी बरीचशी साखरेतून आलेली आहे. फळांचा रस, सरबतं, दिवसाला पाच कप गोड चहा, मैद्याची खारी आणि बिस्किटं, मस्तानी. आणि दारू: ती जिरवताना यकृत चरबी जाळणं बाजूला ठेवतं.

उपवासाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. चतुर्थीला, एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि गोड लस्सी घेतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. महिन्यात चार-पाच दिवस हे करणारी, बाकी अतिशय काटेकोर राहणारी माणसं मला भेटतात. उपवास करा, पण वरईचा छोटा वाडगा, दाण्याची आमटी, काकडी, ताक, एखादं फळ असा.

रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं ट्रायग्लिसराइडवर उत्तम काम करतं. स्नायूंमधलं ते चरबी काढून घेणारं एन्झाइम व्यायामाने वाढतं. पर्वती चढत असाल तर फारच छान. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्के उतरवलं तरी यकृतातली चरबी स्पष्टपणे कमी होते.

ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर असेल तर घरगुती उपायांवर थांबू नका. तिथून पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.

आणि तूप? खोबरेल? ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ तेल?

प्रत्येक वनस्पती तेल कोलेस्टेरॉल-फ्रीच असतं, त्या लेबलचे जास्त पैसे देऊ नका. बघायचं ते संपृक्त चरबीचं प्रमाण, कारण ही चरबी यकृतातल्या एलडीएल रिसेप्टरचं काम मंदावते. खोबरेलात ती नव्वद टक्क्यांच्या आसपास, तुपात साठ टक्क्यांच्या वर, पामतेलात जवळपास निम्मी, शेंगदाणा तेलात वीसच्या आत. वरण-भातावर चमचाभर तूप घेणाऱ्या निरोगी माणसाला मी कधी हटकत नाही. शिरा, पुरणपोळी आणि पराठ्यावर ते वाटीने जातं तेव्हा बोलते. स्टेंट असलेल्यांनी चमचाही मोजून घ्यावा. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, परिस्थिती सुधारली आहे, तरी खारी-नानकटाई रोजची नको.

इसबगोलाने कोलेस्टेरॉल उतरतं, हे खरं का?

खरं आहे, आणि कारण फार सुंदर आहे. शरीरातून कोलेस्टेरॉल बाहेर जायची मोठी वाट एकच: यकृत ते पित्तात टाकतं, काही तसंच आणि काही पित्ताम्लं बनवून. पण यकृत काटकसरी आहे. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी साधारण ९५ टक्के परत शोषून घेऊन पुन्हा वापरली जातात. इसबगोल, ओट्स, जव, मटकी-हरभरा-राजमा, भेंडी, गवार, पेरू यांतला विरघळणारा तंतू पित्ताम्लांना बुळबुळीत गोळ्यात धरून शौचावाटे बाहेर नेतो. तूट भरून काढायला यकृताला कोलेस्टेरॉल खर्च करून नवी पित्ताम्लं बनवावी लागतात. साठा घटतो, आणि दारात रिसेप्टर वाढतात. रोज दहा ग्रॅमच्या आसपास इसबगोल नियमित घेतलं तर एलडीएल साधारण पाच ते दहा टक्के उतरतं. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि थायरॉइड किंवा इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. मिसळीतली मटकी या यादीत बसते, वरचा तवंग आणि फरसाण नाही.

एचडीएल वाढवायला काय घेऊ?

काही नाही. एचडीएलचं मुख्य प्रथिन यकृत आणि आतडं बनवतं, आणि तो कण पेशींमधलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतो. ऐकायला छान, म्हणून ते वाढवणारी औषधं शोधली गेली. त्यातलं टॉर्सेट्रापिब एचडीएल भरपूर वाढवायचं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि २००६ च्या डिसेंबरमध्ये चाचणी थांबवावी लागली. चाला, तंबाखू-सिगारेट सोडा, एचडीएलचा आकडा होईल तेवढा होईल. आणि ‘एचडीएल ६५ आहे, मग एलडीएल १७० चालेल’ हा हिशोब करू नका.

लिपोप्रोटीन-ए ही तपासणी डॉक्टरांनी लिहून दिली आहे. गरज आहे का?

आयुष्यात एकदा जरूर करावी, विशेषतः घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर. हा एलडीएलसारखाच कण आहे, त्याला यकृताने बनवलेलं आणखी एक प्रथिन जोडलेलं असतं. त्याचं प्रमाण जवळजवळ संपूर्णपणे आनुवंशिकतेने ठरतं. पथ्याने, चालण्याने, स्टॅटिनने ते उतरत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका जास्त, आणि मग बाकीच्या गोष्टी, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर, अधिक काटेकोर ठेवायच्या.

रिपोर्टमधलं एलडीएल मोजलेलं असतं की काढलेलं?

बऱ्याच ठिकाणी काढलेलं. १९७२ चं फ्रीडवाल्ड यांचं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. एकूण २४०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १७०, तर २४० वजा ३८ वजा ३४, म्हणजे १६८. ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही, तेव्हा थेट मोजलेलं एलडीएल मागा.

उपाशीपोटीच हवं असं आता नाही. नेहमीच्या तपासणीला जेवूनही चालतं. ट्रायग्लिसराइड खूप आलं तर मात्र दहा-बारा तास उपाशी राहून पुन्हा द्या. पाणी प्या, नाहीतर शीर सापडत नाही.

किती असायला हवं?

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेली मर्यादा अशी: धोका कमी असलेल्यांचं एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह-रक्तदाबासारखा जास्त धोका असलेल्यांचं ७० च्या खाली, झटका येऊन गेलेल्यांचं ५५ च्या खाली. रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल रेंज’ सगळ्यांना एकच असते. तुमची मर्यादा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पथ्य तेच, गोळी तीच, तरी एलडीएल अचानक वाढलं.

आधी टीएसएच ही थायरॉइडची तपासणी करा. थायरॉइड मंदावला की यकृतातले रिसेप्टर कमी होतात, आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, हे सर्रास सापडतं. लघवीतून प्रथिनं जाणं, पित्ताचा मार्ग अडणं, स्टिरॉइड्स, ही इतर कारणं. उलटही लक्षात ठेवा: यकृताचा जुना आजार असलेल्याचं कोलेस्टेरॉल आपोआप खूप उतरलं तर खूश होऊ नका. यकृताला आता कण बनवणंच झेपत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

लिव्हर डिटॉक्सचा काढा घेऊ का?

कोलेस्टेरॉलसाठी नको. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. काही घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

माझं एलडीएल २१४. मुलांचंही तपासायचं का?

हो, आणि भावंडांचंही. एलडीएल १९० च्या वर असेल तर फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे रिसेप्टरचा आनुवंशिक दोष, आहे का हे बघायलाच हवं. साधारण दर अडीचशे माणसांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना माहीतच नसतो. आई किंवा वडिलांत असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. तरुण वयात डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं आणि टाचेमागची जाड झालेली शीर या खुणा.

हा प्रश्न मला विचारणारे गृहस्थ अडतीस वर्षांचे होते, सडपातळ, रोज हनुमान टेकडी चढणारे. वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेलेले. मी त्यांना काउंटरच्या आत बोलावलं, बूट काढायला लावले आणि टाचेमागची शीर चिमटीत धरली. ती बोटाएवढी रुंद आणि गाठाळ लागली. त्यांना वाटत होतं ते चपलेचं घट्टं आहे. पुढच्या आठवड्यात ते दोन्ही मुलींना घेऊन आले. धाकटीचं एलडीएल ८८ निघालं, थोरलीचं १९६. थोरली अकरा वर्षांची आहे. या आजारात मुलांनाही आठ-दहा वर्षांपासून स्टॅटिन देता येतं. तिची गोळी बालरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनी मिळून सुरू केली आहे. दर सहा महिन्यांनी ती रक्त द्यायला येते, आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरताना बघायची म्हणून थांबून राहते. मागच्या खेपेला १०९ होतं.